लाईट गेली आणि गुरुजींचं मोडीवाचन फाइलीत अडकलं

नुसता आवाज परत मिळाला असता तरी आमचं भागणार नव्हतं. गुरुजी मोडी कागद वाचतात ते दाखवत दाखवत. स्कॅन केलेलं पान पडद्यावर, हात माउसवर, आणि बाण एकेका अक्षराभोवती फिरवत बोलणं चालू: "हे बघ, इथं शब्द संपला. हे पुढचं वळण त्याचं नाही, दुसऱ्याचं आहे. आता हे बघ." या 'हे बघ'मधलं 'हे' दिसलंच नाही तर ऐकणाऱ्याला काय डोंबल कळणार? आणि चित्र असून आवाज नसला तर बाण नुसताच पानावर गोल गोल हिंडणार. त्यामुळे लाईट गेल्यावर रेकॉर्डिंगची जी फाइल उघडेना तिच्यातून दोन्ही गोष्टी, त्याही एकमेकींना धरून, बाहेर काढायच्या होत्या. लातूर-नांदेडकडं घरबसल्या शिकवणीचे तास रेकॉर्ड करणारे कितीतरी जण आहेत, त्यांच्या कामी येईल म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

आम्ही परभणी जिल्ह्यातल्या सेलूचे. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत कागदांच्या गुंडाळ्या होत्या. निझामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत चालायचा, पण घरातले देण्याघेण्याचे, वाटणीचे कागद मोडीत. ते वाचणारं आता घरात कुणी नाही. गुरुजी निवृत्त शिक्षक, मला शाळेत शिकवलेले, मोडी आणि थोडी उर्दू दोन्ही जाणणारे. 2023 मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. गुरुजींच्या ओसरीवरही माणसं बसलेली असायची. त्यातून आमच्या पेटीसाठी त्यांनी दुपार काढून दिली हेच मोठं. वय झालंय, डोळे लवकर थकतात. "पुन्हा वाचा" म्हणायला जीभ रेटत नाही.

व्यवस्था साधी होती. घरचा डेस्कटॉप, त्यावर ओबीएस स्टुडिओ हे पडदा आणि आवाज रेकॉर्ड करणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, गुरुजींच्या सदऱ्याला कॉलर माइक. फाइल एमपीफोर प्रकारात साठत होती, कारण पुण्यातल्या चुलतभावाला ती फोनवर लगेच बघायची असायची.

वैशाखातली दुपार होती. वळवाचं वारं सुटलं, पत्रे वाजायला लागले आणि लाईट गेली. यूपीएसनं एकदाच टूं केलं आणि तोही बसला. थोड्या वेळात लाईट आली. गुरुजी म्हणाले, "उरलेलं पान वाचून टाकू, परत कधी वेळ मिळतोय." मशीन चालू केलं, रेकॉर्डिंग सुरू केलं, पाच-सात ओळी झाल्या नसतील तोच परत झपका. या खेपेला डीपीवरचाच फ्यूज उडाला होता. वायरमन येईपर्यंत दिवेलागण झाली. म्हणजे बिघडलेल्या फाइली दोन: एक लांबलचक, एक छोटी. दोघींचं नशीब वेगवेगळं निघालं.

लाईट आल्यावर पुतण्यानं फोल्डर उघडलं. दोन्ही फाइली जागेवर होत्या, नावं बरोबर, पण व्हीएलसी प्लेअरमध्ये टाकल्या की काळा पडदा. व्हीएलसी मोडकी फाइल दुरुस्त करतं असं त्यानं कुठंतरी वाचलं होतं. ती दुरुस्ती एव्हीआय प्रकारच्या फाइलींपुरती आहे, एमपीफोरला तिचा उपयोग नाही.

मी आधी फाइलीचा आकार पाहिला. आमचं चित्र 2500 केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) आणि आवाज 160 केबीपीएस या हिशेबानं साठत होतं. म्हणजे मिनिटाला साधारण 20 एमबी. मोठी फाइल 1.3 जीबीची होती, म्हणजे तासाच्या वरचा ऐवज डिस्कवर उतरलेला आहे. हा आकडा पाहून जीव भांड्यात पडला. फाइल मोडलेली असेल, पण रिकामी नाही.

मग दोन्ही फाइली जशाच्या तशा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या आणि पुढचा सगळा खटाटोप त्या नकलांवर केला. विंडोजनं डिस्क तपासून दुरुस्त करू का म्हणून विचारलं, त्याला तेव्हा नको म्हटलं. ती तपासणी वाईट नाही, पण ती फाइलव्यवस्थेची घडी नीट बसवण्यासाठी असते; अर्धवट फाइल कापून टाकली तरी तिच्या लेखी काम झालं. नक्कल हाताशी आल्यावर मग ती खुशाल चालवावी.

पुतण्याचे दोन उतावळे सल्ले होते. एक, फाइल एखाद्या दुरुस्ती करणाऱ्या वेबसाइटवर चढवून बघू. पडद्यावर वाटणीपत्रं, नावं, गट, हिस्से, सगळं स्वच्छ दिसतंय; ते कुठल्याशा अनोळखी सर्व्हरवर पाठवायला मी तयार नव्हतो. दुसरा सल्ला बरा होता, पण वेळ चुकीची होती: "काका, ओबीएसची सेटिंग आत्ताच बदलून टाकू, परत असं व्हायला नको." मी म्हटलं, सेटिंगला हात लावू नकोस. का, ते पुढं येतं.

गावातल्या मोबाइल-कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, रिकव्हरी मारून देतो. त्याच्याकडचं सॉफ्टवेअर पुसलेल्या फाइली हुडकणारं होतं. आमची फाइल पुसलेली नव्हतीच, ती समोर होती. तिच्या आतली जोडणी गेली होती. हे दोन आजार वेगळे आहेत, आणि 'रिकव्हरी' म्हणून दोन्हींवर एकच औषध खपवलं जातं. पैसे देण्याआधी एवढं एक विचारून घ्यावं: फाइल हरवलीय की मोडलीय?

घरी येऊन एचएक्सडी नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये मोठी फाइल उघडली. यात फाइलीतला एकेक बाइट आकड्यांत दिसतो आणि उजवीकडं अक्षरांत. अगदी सुरुवातीला 'एफटीवायपी' ही चार अक्षरं होती, पुढं 'एमडॅट', आणि मग भरगच्च आकडे शेवटपर्यंत. 'मूव्ह' (moov) हा शब्द, म्हणजे फाइलीच्या जंत्रीची खूण, शोधला तर सापडेना. एफएफएमपेग या व्हिडिओ हाताळणाऱ्या फुकटच्या साधनाला फाइल दाखवली तर त्यानंही तेच सांगितलं: मूव्ह ॲटम नॉट फाउंड.

दोष कळला. एमपीफोर फाइलीत चित्र आणि आवाजाचा खरा माल 'एमडॅट' या कप्प्यात ओतला जातो. कोणती चौकट कुठं सुरू होते, किती बाइटांची आहे, कितव्या क्षणी दाखवायची, आवाजाचा कोणता तुकडा कुठं आहे, चित्र उलगडायचं कसं, ही सगळी जंत्री 'मूव्ह' या कप्प्यात असते. आणि साध्या रेकॉर्डिंगमध्ये ही जंत्री लिहिली जाते ती शेवटी, तुम्ही थांबवायचं बटण दाबल्यावर. तोवर ती कॉम्प्युटरच्या मेमरीत असते. लाईट गेली की मेमरी कोरी. माल गोदामात आणि वही वाऱ्यावर.

हे मी गुरुजींना फोनवर सांगितलं, म्हटलं सगळं सलग पडलंय, कुठं काय तुटतं ते कळेना. ते हसले. "म्हणजे मोडीच की रे! एकदा वर रेघ ओढली की खाली सलग लिहीत जायचं, शब्द सुटे करायचे नाहीत. वाचणाऱ्याला त्या लिहिणाऱ्याचं वळण ठाऊक पाहिजे. त्याच्याच हातचा दुसरा एखादा कागद घे, तो वाच, मग हा सुटंल."

त्यांनी सहज म्हटलं, पण उपाय नेमका तोच आहे. अनट्रंक नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअर आहे, मूळ फेडेरिको पोंकियो यांनी लिहिलेलं. पुढं इतरांनी त्यात भर घातली आणि विंडोजसाठी बटणं असलेली आवृत्तीही मिळते. त्याला दोन फाइली द्यायच्या: एक त्याच मशीनवर, त्याच सेटिंगनं केलेली धडधाकट फाइल, आणि दुसरी मोडलेली. चांगल्या फाइलीवरून ते 'वळण' शिकतं आणि मोडलेल्या फाइलीतल्या ढिगातून तुकडे ओळखत नवी जंत्री तयार करतं.

नमुना म्हणून आधीच्या बैठकीची चांगली फाइल दिली. बरंच दळण दळून फाइल तयार झाली. उघडली तर सगळीकडं हिरवा-करडा चिखल आणि मध्येच अक्षरांच्या चिंध्या. कारण शोधायला वेळ लागला. आधीच्या बैठकीत पुतण्यानं चित्र दाबून लहान करायचं काम ग्राफिक्स कार्डावर सोपवलं होतं, नंतर ते प्रोसेसरवर आणलं. दोन्ही फाइली 1920 बाय 1080, सेकंदाला 30 चौकटी, वरून बघितलं तर जुळ्या बहिणी. पण चित्र उलगडण्याची बारीक माहिती दोघींची वेगळी, आणि ती माहितीही त्या हरवलेल्या जंत्रीतच असते. चुकीच्या नमुन्यावरून उलगडलं तर चिखलच होणार.

सेटिंगला हात लावू नकोस म्हटलं ते इथं कामी आलं. लाईट गेली त्या वेळची सेटिंग जशीच्या तशी होती. तोच माइक लावला, तेच स्कॅन पडद्यावर घेतलं, पानं बदलत, बोलत काही मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग केलं आणि नीट थांबवलं. हा ताजा नमुना अनट्रंकला दिला. या खेपेला पान स्वच्छ उमटलं. बाण फिरतोय, गुरुजी खाकरतायत, मागं आमच्या आईनं चहा झाल्याचं ओरडून सांगितलेलं तेही आलं. नमुन्याची फाइल जुनीच असायला हवी असं नाही, सेटिंग तीच हवी, ही एक गोष्ट आधी कळली असती तर बरंच दळण वाचलं असतं.

खरी कटकट इथून पुढं. सुरुवातीला आवाज आणि बाण बरोबर चालत होते. अर्ध्या तासानंतर गुरुजींचं बोलणं बाणाच्या पुढं पळायला लागलं. शेवटाकडं तर "हे बघ" म्हणेपर्यंत बाण मागच्या ओळीतच घुटमळतोय. मोडीच्या वाचनात मागची ओळ म्हणजे वेगळाच शब्द. अशी फाइल शिकणाऱ्याला चुकीचंच शिकवील.

असं का होतं? एमपीफोरमध्ये चित्राच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहिलेली असते. त्यामुळे अनट्रंक लांबी वाचत उड्या मारत पुढं जाऊ शकतं. आवाजाच्या तुकड्यावर अशी खूण नसते, त्याची लांबी फक्त जंत्रीत. म्हणून आवाजाचे तुकडे अंदाजानं ओळखावे लागतात आणि काही निसटतात. आमचा आवाज 48,000 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला आवाजाची तेवढी मोजमापं; एका तुकड्यात 1024 मोजमापं, म्हणजे एक तुकडा साधारण 21 मिलीसेकंदांचा. एखाददुसरा निसटला तर कानाला कळतही नाही. पन्नासेक निसटले की आवाजाची पट्टी सेकंदभर आखूड झाली आणि पुढचं सगळं बोलणं सेकंदभर अलीकडं सरकलं.

अनट्रंकमध्ये चित्र ताणून आवाजाच्या लांबीशी जुळवायची सोय आहे. ती आम्हाला उपयोगी पडली नाही. तुकडे सगळीकडून सारखे निसटत नाहीत, एकाच जागी झुबक्यानं निसटतात. दहा मिनिटं सगळं ठाकठीक, मग एकदम अर्ध्या सेकंदाची उडी, परत ठाकठीक. सबंध फाइल सारखी ताणली तर जिथं बरोबर होतं तिथंही बिघडतं.

आता जुळवायचं कशावरून? सिनेमावाले शूटिंगच्या आधी पाटी का आपटतात ते तेव्हा नीट समजलं. आमच्याकडं पाटी नव्हती, पण कीबोर्ड होता. पान बदलायला गुरुजी बाणाचं बटण दाबत, आणि कॉलर माइकमध्ये ते 'टक' स्पष्ट आलेलं होतं. चित्रात पान बदललं तो क्षण आणि आवाजात 'टक' आला तो क्षण, दोन्ही एकच असले पाहिजेत. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आम्हाला अशा पुष्कळ काड्या मिळाल्या.

शॉटकट हे फुकटचं एडिटिंग सॉफ्टवेअर घेतलं, आवाजाची पट्टी चित्रापासून सुटी केली आणि प्रत्येक पानाच्या आधीच्या शांततेत कापून पुढं सरकवत गेलो. पण पानाच्या मध्येच तुकडे निसटले असतील तर? तिथं कान लावावा लागतो. बोलता बोलता शब्द चावल्यासारखा होतो, 'वाटणी'चं 'वाणी' होतं, तीच ती फाटलेली जागा. तिथं कापायचं, मध्ये निसटलेल्या वेळेइतकी शांतता घालायची, पुढचं सगळं सरकवायचं. पुतण्याचे कान माझ्यापेक्षा तिखट, या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही. रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून बसायचा. आई विचारायची, "हे पोरगं एकच वाक्य किती वेळा ऐकायलंय?"

जिथं आवाज खरोखरच गेला ते शब्द परत येणार नव्हते. अशा जागांची यादी करून गुरुजींना दाखवली. त्यांनी पान बघून त्या त्या ठिकाणचा शब्द सांगितला, तो आम्ही चित्राखाली अक्षरांत टाकला. फार जागा नव्हत्या. अगदी शेवटची काही सेकंदंही मिळाली नाहीत, कारण विंडोज लिहायचा मजकूर आधी मेमरीत साठवतं आणि मग डिस्कवर उतरवतं. तो शेवटचा घास डिस्कपर्यंत पोचलाच नव्हता.

छोट्या फाइलीचं काय झालं? तिचा आकार दिसत होता, काही एमबी. एचएक्सडीत उघडली तर पहिल्यापासून शेवटपर्यंत शून्यं, दुसरं काही नाही. डिस्कवर तिच्यासाठी जागा राखली गेली होती, पण मजकूर यायच्या आत दुसरा झपका बसला. अशा फाइलीला अनट्रंक चालत नाही, कारण ओळखायला तुकडेच नाहीत. पुतण्याचं समाधान व्हावं म्हणून फोटोरेक हे पुसलेल्या फाइली हुडकणारं फुकटचं साधनही त्या डिस्कवर फिरवलं, सापडलेलं सगळं वेगळ्या डिस्कवर साठवत. कधीकाळी पुसलेल्या एका लग्नाच्या क्लिपा निघाल्या, व्हॉट्सॲपवरचे सुप्रभात निघाले. आमचं पान नाही निघालं. एचएक्सडीत शून्यं दिसली की पैसे घेणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नये, एवढं मात्र ठामपणे सांगतो.

ते पान गुरुजींनी नंतर पुन्हा वाचलं. त्यात फसली सनाची, म्हणजे जुन्या महसुली सालाची, तारीख होती. "यात सुमारे 590 मिळव म्हणजे इंग्रजी साल येतं," म्हणत त्यांनी बोटांवर हिशेब करून दाखवला. माझ्या मते हे दुसरं वाचन पहिल्यापेक्षा सविस्तर झालं, पण पहिलं आता कुठं ऐकायला मिळणार, तेव्हा तो वादच मिटला.

मिळण्याजोगं सगळं हाती आल्यावर मगच सेटिंग बदलली. आता ओबीएस एमकेव्ही प्रकारात साठवतं. ही फाइल छोट्या छोट्या कप्प्यांत, वेळेच्या नोंदीसकट लिहिली जाते. मध्येच लाईट गेली तर शेवटचा कप्पा जाईल, मागचं चालत राहील. खात्री करायला एक रेकॉर्डिंग चालू असताना सरळ प्लग उपटून पाहिला. पुतण्याला लई मजा वाटली, मला नाही. पण फाइल उघडली. चुलतभावाला एमपीफोरच लागते, त्यासाठी ओबीएसच्या फाइल मेन्यूत रीमक्स आहे. चित्राला धक्का न लावता फक्त डबा बदलतो, काम झटक्यात होतं. रेकॉर्डिंग थांबल्यावर ते आपोआप व्हावं अशीही सेटिंग आहे. खरं तर एमपीफोर निवडलं की ओबीएस स्वतःच इशारा दाखवतं, वीज गेली तर ही फाइल परत मिळणार नाही म्हणून. 2024 मध्ये आलेल्या 30.2 आवृत्तीपासून हायब्रिड एमपीफोर असाही पर्याय आहे, तो चालता चालता तुकड्यांनी लिहितो आणि शेवटी नेहमीसारखी जंत्री करतो. आमच्या मशीनवर जुनी आवृत्ती आहे आणि ती नीट चालतीय, म्हणून अजून छेडलेली नाही. ठरावीक मिनिटांनी आपोआप नवी फाइल सुरू करायची सोय मात्र चालू केली.

यूपीएसची बॅटरीही बदलली. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाची, आत शिसं-आम्लाचीच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीत या बॅटऱ्या लवकर खचतात. नवी बॅटरी तासभर चालवणार नाही, पण गुरुजींना "थांबा" म्हणून रेकॉर्डिंग नीट बंद करण्यापुरता वेळ देते, आणि लागतो तो तेवढाच.

गुरुजींनी यातून आपला एक नियम काढलाय. पान बदलताना ते बटण आता मुद्दाम जोरात हाणतात, माइककडं मान वळवून पानाचा आकडा सांगतात आणि मग पुतण्याला विचारतात, "आला का रे टक?"